फुगवट्याच्या तोंडावरची साय

माझं काम सांगायला गेलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे सशांना मुद्दाम आजारी पाडता?" हो, पाडतो. माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधीकधी फुगवटा येतो, आणि तो फुटला तर माणूस हातचा जातो. सशाला असा फुगवटा आपणहून येत नाही. म्हणून आम्ही त्याला भूल देतो, मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत एका औषधाने कमकुवत करतो आणि वाट बघतो. काही आठवड्यांनी पडद्यावर वाटाण्याएवढा फुगा दिसतो. इतकी वर्षं झाली, तरी तो दिसला की माझ्या अंगावर काटा येतोच.

आणि मग माझ्या सख्ख्या ताईच्या डोक्यात तसाच फुगा निघाला. ताई इंदिरानगरला राहते. निवृत्त शिक्षिका, रोज सकाळी बुद्धवंदना, आणि हट्टी म्हणजे काय विचारू नका! डॉक्टर म्हणाले, जांघेतल्या रक्तवाहिनीतून डोक्यापर्यंत तार नेऊन आत बारीक जाळीची नळी बसवू. आम्ही सशांच्या फुगवट्यावर बसवून बघतो, तसलीच. ती तयारच होईना. शेवटी मी आरडाओरडा करून तिला होकार द्यायला लावला.

आणि ऑपरेशनच्या सकाळी मीच तिला पोटभर पोहे खाऊ घातले! नर्स माझ्याकडे बघतच राहिली. अहो, सशाला भुलीआधी उपाशी ठेवत नाहीत. त्याला उलटी होतच नाही. उलट उपाशी राहिला तर त्याच्या पोटाचं चालणंच थांबतं. मला तीच सवय. आदल्या दिवशी बजावलेलं सगळं डोक्यातून गेलं. ताईनेही मुकाट्याने खाल्ले. "मला वाटलं, तू त्यातलीच, तुला कळत असेल," म्हणाली. टाळायची संधी ती बरी सोडेल!

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, आम्हाला घरी पाठवलं. तेवढ्यात फुटला तर, या विचाराने मी स्वतःला शिव्या घालत होते. ताई निवांत. "आता वेळ आहेच, तर तुझे ससे तरी दाखव."

साहेबांची परवानगी काढून तिला अंबडच्या पुढे आमच्या प्रयोगशाळेत नेलं. गवत चघळणाऱ्या सशाकडे ती काचेतून कितीतरी वेळ बघत होती.

"बरा झाला की सोडता ना गं याला?"

"नाही, ताई. आत काय झालं ते बघायचं तर जीव घ्यावा लागतो. भूल देऊनच, पण घ्यावा लागतो."

"मग मला नको ते ऑपरेशन. रोज सकाळी जीवहिंसा करणार नाही म्हणते मी, आणि याच्या जिवावर जगू?"

माझं डोकंच फिरलं. पण तिथे आवाज चढवायची सोय नाही. ससे घाबरले की त्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि बऱ्या झालेल्या एका सशाच्या रक्तवाहिनीची काचपट्टी लावली. फुगवट्याचं तोंड, त्यावर जाळीच्या तारा, आणि तारांवर या काठापासून त्या काठापर्यंत पातळ थर, दुधावर साय धरते तसा.

"हा तुम्ही लावलात?"

"नाही गं. आम्ही फक्त जाळी ठेवली. बाकी सगळं त्याच्या शरीराने केलं. थर धरला, तोंड बुजलं, फुग्यात रक्त जायचं थांबलं."

ती डोळा काढेचना. "एवढंसं जनावर," म्हणाली, "आणि केवढं करून गेलं!" मग चष्मा पुसत उठली. "उद्या पोहे देऊ नकोस."

ऑपरेशन नीट झालं. पण खरी धाकधूक पुढची होती, थर धरेल की नाही याची. काही महिन्यांनी डॉक्टरांनी तपासणीचं चित्र पडद्यावर लावलं. रक्तवाहिनी गुळगुळीत, फुगा नाहीच! सशांमध्ये हे मी कितीदा पाहिलंय. पण लहानपणी माझ्या वेण्या घालणाऱ्या बाईच्या डोक्यात, ती भाजी निवडत असताना, झोपलेली असताना, कुणाला पत्ता न लागता हे घडलं होतं. मी डॉक्टरांसमोरच हमसून रडायला लागले.

ताईने मला जवळ ओढलं. "अगं वेडे, मी आहे ना," म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तीही रडली.