केळीचा डोस, बदकांना

संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळ. स्थळ: चोपड्याजवळचं केळीचं शेत, शेततळ्याला लागून असलेली बदकांची शेड. हजर: नाना, म्हणजे आमचे साडू, अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, जळगावहून माझ्या गाडीत आलेल्या पशुवैद्य डॉक्टरबाई, मी, आणि सगळी बदकं, त्यांतली काही उठू न शकणारी.

नानांच्या मते या जगात वाईट असं कुणी नाहीच. ज्याचं बिघडलेलं दिसतं, त्याला कुठलं तरी खनिज कमी पडतंय, एवढंच. केळीच्या पानाकडे बांधावरून नुसतं बघून जस्त कमी की मॅग्नेशियम, हे सांगणारा दुसरा माणूस त्या भागात नाही. ही विद्या त्यांनी केळीपुरती ठेवली असती तर काहीच म्हणणं नव्हतं, पण त्यांनी ती सोयऱ्यांनाही लावली. माझं टक्कल त्यांनी जस्तात घातलं. बांधावरून वर्षानुवर्षं भांडणारा त्यांचा चुलतभाऊ मॅग्नेशियममध्ये, त्यामुळे नानांना त्याचा राग म्हणून कधी आला नाही. उलट त्याच्या गुरांच्या चाटणात ते गुपचूप आपल्याकडचं मिश्रण टाकून यायचे, का, तर घरात दूध जाईल आणि दुधातून स्वभावात. यावलच्या एका लग्नात नवरदेवाचा हात हार घालताना जरा रेंगाळला, तर नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, पोऱ्याले लोह कमी शे." दुसऱ्या दिवशी नवरदेवाकडच्या व्याह्यांच्या घरी गूळ-शेंगदाण्याचं पोतं पोचलं. तो कुठला रिवाज, हे व्याही अजून चारचौघांत विचारतात. त्यांच्या शेतावरून निघालेला पाहुणा केळीच्या घडाची वाट बघतो आणि हातात येते कसल्या तरी खनिजाची कागदी पुडी. आमच्या घरी त्या पुड्यांचा एक वेगळा डबा आहे. त्यावर नावं घालायचं काम माझ्याकडे.

बदकं त्यांनी आणली ती शेततळ्याकाठच्या गोगलगायी खायला. आणली आणि स्वतःच त्यांच्या मागे फिरायला लागले. उजाडताच शेडमध्ये जायचं, प्रत्येक अंडं कानाशी धरून बोटाने वाजवायचं, खणखणीत वाजलं की डोळे मिटून मान डोलवायची. हिवाळा लागला आणि अंडी वाजेनात. कवच इतकं मऊ की बोट आत जायचं. मग बदकं लंगडू लागली. डॉक्टरांना दाखवा, असं मी सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "डॉक्टर कसाले? माले कळस ना, भाऊ." शेवटी रोज त्यांच्यापुढे चालणारी बदकी एका सकाळी उठलीच नाही, तेव्हा त्यांनी होकार दिला.

आम्ही पोचलो तेव्हा बदकं निळ्या टबाभोवती दाटीने पाणी पीत होती. डॉक्टरबाईंचं लक्ष टबाशेजारच्या फोडलेल्या गोणीकडे गेलं.

"हे इथे कशाला?"

"कॅल्शियम शे," नाना अभिमानाने म्हणाले. "ड्रिपमधून केळीले देतस, तेच. आज सकायमां टबमां टाकी दिधं. कवच टणक व्हई जाई."

बाईंनी पायाने टब पालथा केला. मी त्यांना इतकं झटपट हलताना पाहिलं नव्हतं. "नाना, हे कॅल्शियम नायट्रेट आहे. केळीला ते अन्न. पक्ष्याच्या रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहून न्यायचं सोडतं."

"कितलंसं टाकं व्हतं मी," नाना म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"कुणी किती प्यायलं, ते कळायला मार्ग नाही. आता यांना पळवू नका, घाबरवू नका, आवाज करू नका. दमली तर जातील. दुपारपर्यंत टिकली तर बहुतेक वाचतील."

स्वच्छ पाणी मी भरलं. बाईंनी ज्यांची अवस्था वाईट दिसली त्यांना औषध टोचलं. मग आम्ही सगळे जमिनीवर बसून राहिलो. जन्मात गप्प न बसलेले नाना गप्प बसले होते. अक्काला ते सहन होईना. ती हळूच म्हणाली, "तुमले बठ्ठं केळीच दिसस. उद्या माले बी ड्रिप लावश्यात." एरवी यावर नानांनी तिला कॅल्शियम, लोह, गंधक सगळं एका दमात ऐकवलं असतं. आज ते एकेका बदकाचा श्वास बोटांवर मोजत होते.

कोपऱ्यातलं एक बदक चोच उघडून धापा टाकायला लागलं. नानांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशातल्या पुडीकडे गेला. बाईंनी फक्त पाहिलं. नानांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. त्या बदकाने मान जमिनीला टेकली ती उचलली नाही. थोड्या वेळाने त्याच्याजवळचं दुसरंही गेलं. बाकीच्यांच्या धापा मात्र उतरत गेल्या. ऊन डोक्यावर आलं तशी एक-एक मान पिसांतून वर निघाली.

तेव्हा बाईंनी वर बोट केलं. शेड आणि पुढचं अंगण पांढऱ्या कापडाने बंद केलेलं होतं, बदकं दिवसभर आतच असायची. "हे कधीपासून?"

"थंडी पडनी तवयपासून. रोपस्ले झाकतस तसं."

"ऊन लागलं नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, नाना. पायही त्यानेच गेले. दिवसा कापड काढा. आणि कॅल्शियमला शिंपल्यांचा चुरा द्या, पण खाण्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्याला हवा तेवढा ते खाईल."

"बदकले कळस, कितला पाहिजे ते?"

"कळतं."

नानांनी हाताशी असलेलं रिकामं भांडं शेडच्या दाराशी ठेवलं. मग उठून, दोन्ही मेलेली बदकं उपरण्यात घेऊन केळीच्या ओळींत एकटेच गेले.

कवचं आता टणक येतात. लंगडणारी बरीचशी सावरली. नाना मात्र कुणाला काही सुचवत नाहीत. परवा त्या चुलतभावाने स्वतःहून गुडघा पुढे केला, तर म्हणाले, "डॉक्टरले दाखाड." अक्का म्हणते, घर ओळखू येत नाही.

जळगावला आमच्या घरामागच्या लिंबाची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडताहेत. नर्सरीवाला एका मिनिटात सांगेल, पण मी त्याच्याकडे गेलेलो नाही; हे नानांनीच सांगावं असं वाटतं. गेल्या खेपेला एक पान खिशात घालून चोपड्याला नेलं. नाना शेडच्या दाराशी बसून बदकं चुरा कसा टिपतात ते बघत होते. मी शेजारी बसलो, हवापाण्याचं बोललो, आणि पान न दाखवताच, खिशात चुरगळलेलं परत आणलं. या रविवारच्या कामांत सगळ्यात वर लिहिलंय: नवं पान तोडणे, नानांना दाखवणे. तोडून झालंय.