रुग्णवाहिकेपुरती वाट

मुलाच्या जर्मनीतील घरी आम्ही उभयता हिवाळाभर राहिलो. पत्नीचे हृदय कमजोर झाले होते. उरलेले आयुष्य तिने कोणत्या देशात काढावे, एवढाच प्रश्न होता. मुलाचे मत स्पष्ट होते. तिथे एकदा तिचा श्वास अडकला, तेव्हा मी तिला पाणी पाजेपर्यंत रुग्णवाहिका दारात आली. रस्त्यावरच्या गाड्या आपणहून कडेला झाल्या होत्या. अशा देशाला वाईट म्हणता येत नाही.

पुढे शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले. मी टोपी घातली, खांद्यावर पंचा टाकला आणि त्यांच्या घरासमोर जाऊन उभा राहिलो. आमच्या मंगळवार पेठेत मयताच्या घरी बोलावणे लागत नाही. माणसे येतात, रस्त्यात उभी राहतात. कोणी तिरडीचे बांबू आणतो, कोणाच्या घरून पिठलं-भाकरी येते. तिथे कोणी आले नाही. बर्फ पडत होता. अखेर मुलगा धावत आला.

"आण्णा, घरी चला. इथं बोलावल्याशिवाय जात नाहीत. अंत्यविधी दोन आठवड्यांनी आहे."

पत्नीने खिडकीतून सारे पाहिले होते.

"मानूस गेलंय की तितं," ती म्हणाली, "आन् दारात एक चप्पल न्हाय. अवो, मला हितं ठेवू नगासा."

मुलाने समजावले, सुनेने समजावले. मी मध्ये पडलो नाही. हृदय तिचे होते.

परतलो त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच पानवाल्याने टोला हाणला, "काय पावणं, सोसली न्हाय व्हय जर्मनी?"

"सोसली की," ती म्हणाली. "पर तुमच्यासारखं तोंडाळ कुनी घावंना तितं."

ती हसल्याचे मला आठवते.

गणपतीच्या आगमनाच्या संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका गल्लीबाहेर मिरवणुकीत अडकली. स्पीकरच्या भिंतीपुढे तिचा भोंगा कोणाला ऐकू गेला नाही. मी जाऊन एका कार्यकर्त्याचा दंड धरला, तेव्हा आवाज तत्काळ बंद झाला. मंडळाच्या त्याच पोरांनी तिला खुर्चीत बसवून गर्दीतून रुग्णवाहिकेपर्यंत उचलून नेले. दवाखाना येईपर्यंत ती गेली होती. थोडे आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले.

मग सारी पेठ लोटली. दारात चपलांना जागा उरली नाही. स्मशानात चितेच्या शेणीही त्या पोरांनीच रचल्या. वाट अडवणारे आणि खांदा देणारे तेच होते. त्यांना काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मुलगा रक्षाविसर्जनाला पोहोचला.

"तिकडं असती तर वाचली असती, आण्णा."

"होय."

"मग तुम्ही तरी चला."

"बघू."

पुढच्या वर्षी गणपतीआधी पोरे विचारायला आली, "आजोबा, मांडव तुमच्या दारापुढं घालू का?"

"घाला. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सोडा."

"व्हय व्हय, सोडतो की!"

मांडव उभा राहिल्यावर मी बाहेर जाऊन काठीने अंतर मोजले. सायकल कशीबशी गेली असती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. माझे तिकीट काढ, म्हणून मी त्याला सांगितले.