लाल ठिपक्याची काडतुसं

विकतचं काडतूस बरं की घरी भरलेलं, असं मला अजून कुणीकुणी विचारतं. मी सांगते, विकतचं खराब निघालं तर कारखान्याला शिव्या देता येतात. घरचं खराब निघालं तर घरातच बघावं लागतं. आमच्याकडे ते बघायची कुणाची तयारी नव्हती.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा फौजेत होता, हत्यारं दुरुस्त करायचं काम. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मीही त्यांना शेवटपर्यंत हवालदारच म्हटलं. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर सोडल्यावर आम्ही गावी जायचं ठरवलं होतं. पण त्यांना शहराच्या टोकाला एका शूटिंग रेंजवर बंदुका सांभाळायचं काम मिळालं आणि मग पालमला दोन खोल्या घेऊन राहिलो. मुलगी त्यांच्याबरोबर रेंजवर जायला लागली आणि उडत्या मातीच्या तबकड्या फोडायला लागली. हा खेळ मोठ्या लोकांचा. तिथल्या बाकीच्या पोरी परदेशी काडतुसं मुरमुऱ्यासारखी उडवायच्या. आम्हाला ते झेपणारं नव्हतं, म्हणून सरावाची काडतुसं आम्ही घरी भरायचो. लायसन्स होतं, रेंजची परवानगी होती, चोरीचा मामला नव्हता.

भरायचं यंत्र टेबलाला बोल्टानं पक्कं केलेलं होतं. काडतुसाची उडवलेली, रिकामी पुंगळी घ्यायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, मापानं दारू, त्यावर दाबून बसणारा गट्टा, वर छर्रे, मग दांडा ओढून तोंड दुमडून टाकायचं. सुरुवातीला हवालदारच भरायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा. एक दिवस मी म्हटलं, "सरका." तेव्हापासून ते काम माझं. भरायच्या वेळी चूल बंद, अंगावर सुती साडी, बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि तोंडानं अवाक्षर नाही. मुलीच्या खेळात माझा वाटा तेवढाच होता. रेंजवर मी जात नसे, तिथलं हिंदी-इंग्रजी मला जमत नसे. पण ती जे उडवत होती ते माझ्या हातचं होतं, हे मला ठाऊक होतं आणि मला तेवढं पुरत होतं.

प्रत्येक काडतूस भरून झालं की मी त्याच्या पितळी बुडावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायची. नेलपॉलिश मुलीचं, सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेलं. दुसऱ्यांदा भरलं की दुसरा ठिपका. ठिपके जास्त झाले की ती पुंगळी म्हातारी झाली, फेकून द्यायची. आमच्या घरात पुंगळी मैदानात टाकून यायची नाही असा नियमच होता. रोज संध्याकाळी मुलगी कापडी पिशवीतून रिकाम्या पुंगळ्या आणून माझ्यापुढे ओतायची.

त्या नियमानंच बापलेकीचं बिंग फुटलं.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. निवड झाली तर खेळाडू म्हणून मुलीला सरकारी नोकरी लागणार होती. मी दुपारी वर्तमानपत्रावर पुंगळ्या निवडत बसले होते. एकीवर ठिपका नाही. दुसरीवर नाही. अख्ख्या पिशवीत एकीवरही नाही आणि सगळ्यांची तोंडं कोरी, एकदाच दुमड पडलेली. मुलगी समोर पोहे खात होती.

"ठिपके कुठे गेले?"

"घासले गेले असतील."

"तुझ्या बोटावरचं आठवडाभर जात नाही आणि पितळेवरचं एका बारात जातं?"

"आई, छोड ना यार."

"यार तुझ्या मैत्रिणीला म्हण. मला उत्तर दे."

ती ताट उचलून आत गेली. धुतलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी मी हवालदारांच्या डब्याचं निमित्त केलं आणि बसनं रेंजवर गेले. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात फौजेतली काळी ट्रंक होती, कुलूप लावलेली.

"चावी द्या."

"अगं, आत उंदीर झालेत."

"तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली, उंदरांचं काय घेऊन बसलात? चावी."

ट्रंकेत माझे काडतुसांचे डबे होते. मी भरून दिलेले, सुतळीनं बांधलेले. माझी गाठ मी ओळखते. एकही गाठ सुटलेली नव्हती. वर्षभराचं काम तिथं पडून होतं. मी पाठ मोडून भरत होते आणि ही दोघं ते इथं आणून कुलपात ठेवत होती.

हवालदार स्टुलावर बसले. म्हणाले, गेल्या हिवाळ्यात सरावात एक काडतूस फुसकं निघालं. आवाज दबका आला आणि गट्टा नळीतच अडकला. मुलीचा कान तयार, तिनं लगेच बंदूक उघडली म्हणून बरं. तसाच पुढचा बार काढला असता तर नळी फाटली असती आणि तिचा हात गेला असता. त्या दिवसापासून रेंजच्या क्लबातले एक साहेब तिला विकतची काडतुसं द्यायला लागले.

"मला का नाही सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि हे बघून आता बरं वाटतंय?"

मी म्हटलं, "ते काडतूस दाखवा." हत्याराच्या कामातला माणूस बिघडलेली वस्तू फेकत नाही. त्यांनी रुमालात बांधून ठेवलेली ती पुंगळी काढून दिली. मी आधी तोंड पाहिलं. दुमड दोनदा पडलेली, म्हणजे घरीच भरलेली. मग उलटी केली. बुडावर एकही ठिपका नव्हता.

"हे कुणी भरलं?"

त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"तू भावाच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गावी गेली होतीस. पोरीला कमी पडत होती. म्हटलं, थोडी मीच भरतो. जमेल असं वाटलं."

"आणि पोरीला काय सांगितलंत?"

"मी काही सांगितलं नाही. तिनं विचारलं, आईनं भरलेलं होतं का. मी नाही म्हणालो नाही."

मुलीचा हात जाता जाता राहिला. त्याचं खापर माझ्यावर फोडून हा माणूस वर्षभर माझ्या हातची भाकरी खात होता. हात थरथरतात हा काही गुन्हा नाही. पण तोंड तर थरथरत नव्हतं.

मी मुलीला मैदानातून बोलावून घेतलं. ती आली, उघडी ट्रंक पाहून दारातच थांबली. मी पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली.

"बूड बघ. ठिपका आहे?"

तिनं पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. "बाबा?"

बाबा रिकाम्या रुमालाची घडी घालत बसले.

"आई, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"विचारलं होतंस का मला?"

"बाबा म्हणाले..."

"मी विचारते, मला विचारलंस का?"

नव्हतंच विचारलं. रोज संध्याकाळी ती दुसऱ्याच पुंगळ्यांना स्वतः नेलपॉलिशचा ठिपका देऊन माझ्यापुढे ओतत होती, काल तेवढं विसरली. मी त्यांना पुसून घेत होते. एवढं नाटक रोज करायला किती सोपं गेलं असेल, ते तिचं तिला माहीत.

मी दोन डबे उचलले. "चल. माझ्यासमोर उडव."

रेंजवर मी पहिल्यांदाच उभी राहिले. तबकडी सोडा म्हणून मुलगी ओरडायची, तबकडी उडायची, धडाका व्हायचा. आवाज सगळे सारखे, भरलेले. बऱ्याच तबकड्या फुटल्या, काही निसटल्या. निसटलेल्या तिच्या नेमामुळे, काडतुसांमुळे नाही. ती मागे वळली, डोळे लाल झालेले.

"आई, चांगली आहेत गं. ट्रायलला हीच घेते मी."

"नको. विकतचीच घे. तुला त्यांची सवय झालीय."

सवयीनं ती वाकली आणि पुंगळ्या पिशवीत भरायला लागली. मी पिशवी तिच्या हातातून घेतली, भिंतीजवळच्या कचऱ्याच्या पिंपात उलटी केली आणि बसस्टॉपकडे चालायला लागले. मागे वळून पाहिलं तेव्हा हवालदार पिंपात हात घालून एकेक पुंगळी वर काढत होते. मुलगी नुसती उभी होती.

तिची निवड झाली. नोकरीही लागली. पेढे घेऊन आली तेव्हा मी पेढा खाल्ला, तिला जेवायला वाढलं. पण काडतूस मी परत भरलं नाही. तिनं पुन्हा मागितलंही नाही.

यंत्र टेबलावर तसंच राहिलं. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू मी लावायची, तेही मी बंद केलं. मग हवालदारच लावायला लागले. हात थरथरायचा, कुंकू दांड्यावर, टेबलावर, फरशीवर सांडायचं. दुसऱ्या दिवशी मी झाडू मारायची आणि त्या टेबलाच्या आसपासचं तेवढं सोडून द्यायची.