मेश्रामबाई एकदाच विचारायच्या

मेश्रामबाईंच्या घरी मी पहिल्यांदा चहाला गेलो आणि उपाशी परत आलो.

दिग्रसच्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी तिथला कारकून. निवृत्तीनंतर तीन महिने लेकीकडे इंग्लंडला राहून आल्या आणि दर रविवारी चार वाजता साहेबी चहा मांडू लागल्या. वेल्डरकडून स्टीलच्या तीन ताटल्या एका दांडीवर बसवून घेतल्या होत्या. खाली कडा कापलेले काकडीचे सँडविच, मध्ये स्कोन नावाचे टम्म पाव, वर केक. किटलीला लोकरीची टोपी.

‘‘सँडविच घेतोस, सुधाकर?’’

‘‘नाही बाई, आत्ताच जेवून आलो.’’ सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं, पण आपल्याकडे पहिलं ‘नाही’ ही नुसती सुरुवात असते. तिसऱ्या आग्रहाला माणूस प्लेट पुढे करतो. बाईंनी मान हलवली आणि शांतपणे स्वतःला दोन वाढून घेतले.

दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मी म्हणालो, ‘‘बाई, थोडा आग्रह तं करा.’’

‘‘कायले? तुले तोंड आहे न. या टेबलावर एकदाच विचारतात. हो म्हटलं तर हो, नाही तर नाही.’’

तेव्हापासून प्रश्न पुरा होण्याआधीच मी ‘हो’ म्हणू लागलो. एकदा त्यांनी ‘तुझी सासू गेली का रे’ एवढं विचारलं, तेव्हाही. सासू घरी टीव्ही पाहत होती.

मग एका रविवारी कपात दूध ओतता ओतता त्या म्हणाल्या, ‘‘नागपूरला हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. शुक्रवारी भरती व्हायचंय. लेकीला रजा नाही. सोबत येतोस?’’

इतक्या मोठ्या कामाला चटकन ‘हो’ म्हणणं मला आगाऊपणाचं वाटलं. ‘‘माझा काय उपयोग बाई? दवाखान्यातलं मले काही समजत नाही. कोणी हुशार माणूस पाहा न.’’

‘‘बरं,’’ म्हणून त्यांनी किटलीवर टोपी चढवली.

आता पुन्हा विचारतील म्हणून मी रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला. पिशवीत टॉवेल, लुंगी भरली. शुक्रवार गेला. रविवारी पाहतो तर बाई टेबल मांडून बसलेल्या.

‘‘तुम्ही गेल्या नाही?’’

‘‘सोबतीशिवाय भरती करत नाहीत. आता दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.’’

‘‘मग मले म्हणाचं न, बाई.’’

‘‘म्हटलं होतं.’’

पुढच्या तारखेला मी येतो, असं त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं. त्या हसल्या. ती तारीख उजाडलीच नाही. त्याआधीच एका दुपारी बाई खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या.

लेक आली. माणसं पांगल्यावर तिने विचारलं, ‘‘काका, सोबतीसाठी आईनं कोणालाच विचारलं नाही का?’’

‘‘मले विचारलं होतं.’’

‘‘मग?’’

मी सगळं सांगितलं. ती टेबलावरच्या कापडाची कड दुमडू लागली. ‘‘वसतिगृहात जागा मिळावी म्हणून आईला लहानपणी एकाच दारात सात वेळा उभं राहावं लागलं होतं. तिकडे इंग्लंडात माझ्या शेजारणीकडे चहा पिऊन आली तेव्हा म्हणाली, ‘इथं कोणाले दुसऱ्यांदा मागावं लागत नाही. मले हे आवडलं.’ ’’

मी तिला म्हणालो, रजेचा अर्ज लिहून तयार होता. ते खरं होतं. पण बोलताना मलाच ते खोटं वाटलं.