बारमाही बोंडांचा पडदा

"पडदा आज निघंल, अब्बा."

"नाई निघत."

"चार वाजता पार्वताबाईचा फोन हाय. त्याच्या आंदी मी खिळे काढून राहिली."

"काढ. आन त्याच खिळ्याले मले टांग. म्हातारा बी जुनाच माल हाय."

"काही बी बोलता तुमी."

"मी बोलतो? तू पक्कड हातात घेऊन उभी हायेस, आन मी बोलतो!"

घरातली भाषा तशी उर्दू. पण भांडण लागलं की सासरा-सून दोघंही सरळ वऱ्हाडीवर यायची. बद्रुद्दीनमियाँ दिवाणावर मांडी घालून बसले होते, अगदी पडद्याला पाठ लावून. म्हणजे पडदा काढायचा तर आधी त्यांना उचलावं लागणार. बहात्तर वर्षांचा माणूस, पण असा बसला होता की पोलिसांनी उठवला तरी उठणार नाही.

सईदा पक्कड हातात धरून खुर्चीवर टेकली. सकाळपासून तिचे नऊ व्हिडिओ कॉल झाले होते. नऊ जणांना तिने एकच गोष्ट सांगितली होती, आणि नऊही जणांनी ती ऐकून "बरं" म्हटलं होतं. या "बरं"चा अर्थ तिला आता पुरता कळत होता. करणार नाही, असा तो अर्थ.

सईदाचं माहेर बडनेऱ्याचं. वडील रेल्वेत. पोरीने शेतकीची पदविका केली तेव्हा लोक हसले, की हातभर जमीन नाही आणि शेतकी शिकते. पण तिला पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं कळायचं. लग्न होऊन अकोल्याला आली, आणि नवरा वकार अपघातात गेल्यावर एका बियाणं कंपनीत सल्लागार म्हणून लागली. स्कूटी घेऊन पातूरकडची गावं पालथी घालायची. बोंड फोडून आतली गुलाबी अळी लोकांच्या तळहातावर ठेवायची. तळहातावर वळवळली की माणूस ऐकतो, हे तिला ठाऊक होतं.

मग कोरोना आला आणि स्कूटी बंद झाली. कोरोना ओसरला तरी कंपनीला पेट्रोल वाचवायची गोडी लागलेली. आता सगळं फोनवर. त्यात पुण्याच्या ऑफिसातून रागिणी मॅडमचं पत्र आलं, की कॉलवर मागे घरगुती फोटो, भांडी, वाळत घातलेले कपडे दिसू नयेत. पार्श्वभूमी व्यावसायिक असावी. दर महिन्याला त्याचे गुण, आणि त्या गुणांवर मार्चमध्ये पुढच्या वर्षाची नेमणूक.

सईदाच्या घरात कॉलवर मागे धरता येईल अशी भिंत होती एकच. तिच्यावर वकारचा मोठा फोटो, अब्बांनीच काढलेला. वकारच्या अंगात स्टुडिओचा कोट, मागे रंगवलेलं काश्मीरचं तळं. कंपनीने दिलेलं तयार चित्र तिने फोनमधूनच मागे लावून पाहिलं. पण तिचा फोन जुना. मान वळवली की कान गायब, हात हलवला की ओढणीसकट खांदा गायब.

"भुतासारकी दिसतेस," अब्बा म्हणाले होते. "थांब. मी हाय ना अजून."

चाळीस वर्षं त्यांचा बहार फोटो स्टुडिओ होता. तिथले पडदे ते स्वतः रंगवायचे. ताजमहाल, तळं, पांढऱ्या जिन्याचा बंगला. मोबाइल आले आणि स्टुडिओ बसला. ब्रश मात्र त्यांनी रॉकेलच्या डब्यात जपून ठेवले होते. सात वर्षांनी म्हाताऱ्याला काम मिळालं होतं. मांजरपाट आणलं, खळ लावली, आणि पंधरा दिवस दिवाण सरकवून रंगवत बसले. समोर ठेवली होती बियाण्याची रिकामी थैली. तिच्यावर छापलेलं झाड पाहून त्यांनी सगळं वावर उभं केलं. पांढऱ्याफेक बोंडांनी लदबदलेली पऱ्हाटी, पार क्षितिजापर्यंत. एका झाडाला साठ-सत्तर बोंडं, एकही किडकं नाही.

पडदा वकारच्या फोटोवरूनच लागला. रोज सकाळी अब्बा त्याचा कोपरा उचलायचे, आत हात घालून फोटोची काच पुसायचे आणि कोपरा सोडून द्यायचे.

रागिणी मॅडमनी तर त्या पडद्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. "सईदा, अप्रतिम! सगळ्यांनी असंच करा." अब्बांनी तो निरोप दोन वेळा वाचून घेतला आणि तिसऱ्या वेळी चष्मा लावून स्वतः वाचला.

आणि घोटाळा इथेच झाला.

पहिल्या कॉलला, ऑक्टोबरात, पार्वताबाई म्हणाली होती, "बाप्पा! वावरातून बोलून राहिल्या का? झकास पऱ्हाटी हाय वो तुमची." पार्वताबाई म्हणजे तिच्या गावातल्या बारा बायकांच्या गटाची प्रमुख. तिने केलं की बारा वावरांत तेच होतं. सईदा नुसती हसली. त्या दिवशीचा तो सातवा कॉल होता, घसा बसला होता. शिवाय खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला वावराची मालकीण समजलं होतं. एवढंसं हसणं. ते तीन महिने अंगाशी येत राहिलं.

कारण डिसेंबरात तिने सांगायला सुरुवात केली, की आता पऱ्हाटी उपटा. पुढचा बहार घेऊ नका. उभ्या झाडात अळी मुक्काम करते आणि पुढच्या साली सगळ्या शिवाराला खाते. पार्वताबाई "बरं" म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा "बरं". आणि परवा, जानेवारी अर्धा सरत आला तेव्हा, तिने तोंड उघडलं.

"एक इचारू? आमाले म्हनता उपटा, आन तुमी सोता आपली उभी ठेवली. वरतून बोंडं काय लागून राहिली! आमाले येडं समजता का, बाई?"

तेवढ्यात लाइन तुटली होती.

"अब्बा," ती आता थकून म्हणाली, "बारा बायकायनं पऱ्हाटी ठेवली. कावून? तं माह्या मांगं उभी हाय म्हून."

"तं सांग ना, का पडदा हाय."

"पडद्यासमोर बसून सांगू? उपटा म्हनतो ते पटलं नाई, हे पटंल?"

"माह्या स्टुडिओत चाळीस वर्षं लोकायनं ताजमहालापुढं फोटो काढले. कोनी म्हनलं का, का मी आग्र्याले जाऊन आलो?"

"त्यायले ठाव होतं का तो पडदा हाय. पायऱ्या चढून तुमच्याकडं यायचे, रंगाचा वास घ्यायचे, मंग कोट घालायचे. ह्या बाईले कोनं सांगतलं? मी नाई सांगतलं. चूक माही हाय, तुमची नाई."

अब्बा हळू आवाजात म्हणाले, "पडदा काढला तं मांगं तो दिसंल."

"दिसंल."

"कंपनी गुन कापंल तुहे."

"कापंल."

"मार्चात काय करशील मंग?"

घड्याळात चारला पाच कमी होते. सईदा उठली, दिवाणाशी जाऊन उभी राहिली. अब्बांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पकडीकडे. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाजूला झाले. चार खिळे. चौथा तेवढा अडला. पडदा खाली आला तेव्हा रंगाचे पापुद्रे दिवाणभर सांडले. भिंतीवर वकार होता, काच लखलखीत.

फोन वाजला.

"कुठी बसल्या वो आज?" पार्वताबाईने डोळे बारीक केले. "हे कोनाचं घर?"

"माहंच, पार्वताबाई."

"आन वावर?"

"मले वावर नाई. एक गुंठा बी नाई. तो पडदा होता, रंगवलेला. तुमी पयल्या दिवशी इचारलं तवाच सांगाले पायजे होतं, नाई सांगतलं. माफ करा."

फोनमधून बकरी ओरडली.

"म्हंजे तीन मयने मी कापडाची पऱ्हाटी पाहून माही ठेवली?"

"हो."

"गटात बी सांगत होती मी, का ते बाई सोता ठेवते..." तिने पदराने तोंड पुसलं. "मांगं ते कोन होयेत?"

"माहे मालक. सहा वर्षं झाली, गेले."

"हं." पार्वताबाईचा आवाज थोडा उतरला. "आता सांगा. अळी किती दिवस राह्यते झाडात?"

सईदाने सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून. या खेपेला पार्वताबाई "बरं" म्हणाली नाही. मध्ये मध्ये अडवत राहिली, दोनदा तर चांगली डाफरली. शेवटी म्हणाली, "उद्या बाया लावतो उपटाले. मीच सांगतलं होतं ठेवा म्हून, आता मीच तोंड दाखवतो." मग थांबून विचारलं, "पन तो पडदा रंगवला कोनं?"

"माह्या सासऱ्यानं."

"हायेत का घरी? द्या बरं त्यायले."

सईदाने फोन वळवला. अब्बा खाली बसून पडद्याची घडी घालत होते. जिथे रंग मोडेल तिथे घडी पडू नये म्हणून जपत होते.

"सलाम, चाचा," पार्वताबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पंचवीस सालं झाली मी वावर करून राहिली. एक सांगा मले. एका झाडाले एवढी बोंडं, एकालेबी कीड नाई, असं पीक तुमी कुठी पायलं? नाव सांगा गावाचं. मी पायी पायी येतो पाहाले."

असं पीक अब्बांनी पाहिलं होतं ते फक्त बियाण्याच्या थैलीवर. त्यांनी घडी सईदाच्या मांडीवर ठेवली. खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली. दाराशी वाकून चपला घातल्या, उजवी आधी, मग डावी, आणि रस्त्याला लागले.

"चाचा?" फोनमधून आवाज आला. "ऐकू येऊन राहिलं का?"