पेटीतल्या घुगऱ्या

भुरीबाई भांडायची ती बसून. उभ्याने भांडणारा लवकर दमतो, असं तिचं म्हणणं. दारव्ह्याजवळच्या त्या बंजारा तांड्यावर मी एकोणीस वर्षं शिक्षक होतो. तिच्या ओसरीसमोर नाईक, तलाठी आणि मी, सगळे उभे राहून ऐकून घेत असू. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा-सून ऊसतोडीला जात, म्हणून नात जमनी तिनेच वाढवली. तांड्यात आईला ‘याडी’ म्हणतात. जमनी आजीलाच याडी म्हणायची.

त्या वर्षी पुण्याला देशोदेशीच्या तरुण खेळाडूंच्या स्पर्धा होत्या. समारोपात राज्यातले नाच दाखवायचे ठरले आणि यवतमाळहून साकेत नावाचा नृत्यदिग्दर्शक आठ मुली निवडायला आला. जमनी पहिल्या रांगेत, मधोमध. नाच भुरीबाईने बसवला, आरशांचे घागरेही तिनेच दुरुस्त केले. महिनाभर सगळं गोडीत चाललं. मग साकेतला एका म्हातारीच्या केसांत घुगऱ्या दिसल्या.

घुगरी म्हणजे कानाजवळ केसांत गुंफलेला चांदीचा झुबका. बंजारा बाई तो लग्नात घालते आणि नवरा असेपर्यंत उतरवत नाही.

“स्टेडियमच्या दिव्यांत काय चमकतील,” साकेत म्हणाला. “आठही मुलींना हव्यात.”

“कुवाऱ्या पोरी हाय त्या,” भुरीबाई म्हणाली.

“मावशी, पुण्यात कोणाला कळतंय?”

“पोरीच्या डोक्याले कळते.”

तांड्याचा मुखिया, नाईक नेमसिंग, मध्ये पडला आणि दुसऱ्याच दिवशी आठ जोड घेऊन आला. त्याला शाबासकीची अपेक्षा असावी. भुरीबाईने एकेक जोड हातात घेऊन पाहिला. सुवासिनी घुगरी काढून देत नाही. म्हणजे हे जोड पेट्यांतून निघालेले, विधवांचे. कापसाच्या त्या वाईट वर्षांत तांड्यावर अशाच पेट्या वाढल्या होत्या. एका दिवसात आठ जोड मिळाले कसे, हा प्रश्न नेमसिंगला पडलाच नव्हता.

“ह्या माह्यासारख्या बायाइच्या हाय, नेमसिंग. पोरीइच्या डोक्यावर टाकतं?”

नेमसिंग क्षणभर वरमला, पण मागे हटला नाही. “काकी, आपला तांडा पेपरात येते तं कोनी औषध पेलं म्हनूनच येते. एकडाव नाचतानी दिसू दे ना. तुयं काय जाते?”

“माही नात जाते.”

“मंग तिले घरी ठेव.”

जमनी दारातच होती. “याडी, तू बोलू नको. मी घालीन. तुले जन्मभर तांडाच पुरला, मले नाही पुरत.”

भुरीबाईने आठही जोड फडक्यात बांधून गाठोडं मांडीवर घेतलं. तिने भांडण अर्धवट सोडलेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि मला ते बरं वाटलं नाही.

पुण्याला न्यायची कपड्यांची पेटी तिनेच भरली. समारोपाच्या दुपारी साकेतने ती पुण्यात उघडली तेव्हा घागरे होते, ओढण्या होत्या, आणि घुगऱ्यांच्या गाठोड्यात सरकीसकट कापूस होता. घुगऱ्या तिने ज्याच्या त्याच्या घरी परत केल्या होत्या.

साकेतने नेमसिंगला फोन केला. नेमसिंग ओसरीसमोर येऊन घसा बसेपर्यंत बोलला. ती खाली मान घालून कापसातला कचरा निवडत राहिली.

संध्याकाळी शाळेच्या टीव्हीपुढे तांडा जमला. भुरीबाईच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळीच राहिली. आमच्या मुली मिनिटभर दिसल्या. मधोमध दुसरीच कोणी होती. जमनी शेवटच्या रांगेत, एका झेंड्यामागे. साकेतने आजीवरचा राग नातीवर काढला होता.

“दिसली का तुयी नात?” मागून कोणीतरी विचारलं.

“घागरा दिसला,” भुरीबाई म्हणाली, आणि आतषबाजी संपेपर्यंत उठली नाही.

जमनी परत आली ती बोलणं बंद करूनच. एका चुलीवरचं खाऊन दोघी बकरीमार्फत निरोप देत. “बकरे, तुह्या मालकिनीले सांग, पानी सरलं.” नेमसिंग त्या ओसरीसमोरून जाईनासा झाला. ज्यांच्या घुगऱ्या परत गेल्या त्या बायकांनीही तिची बाजू घेतली नाही. आपल्याकडची वस्तू अशुभ ठरवली, हे त्यांना लागलं होतं.

मे महिन्यात जमनीचं लग्न झालं. घुगरी बांधायला सुवासिनीच लागतात, म्हणून भुरीबाई दाराबाहेर बसली. आत तिची जाऊ धुरपताबाई नवा, कोरा जोड बांधत होती. जमनी बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घट बांध. याच्यापायी मी पुन्यात झेंड्यामांगं नाचली.”

“मान हालवू नको,” बाहेरून आवाज आला. “वाकडी बसते.”

सात महिन्यांत बकरीला न सांगता बोललेलं ते पहिलं वाक्य.

“हालवीन,” जमनी म्हणाली. पण हलवली नाही.