भिंतीमागचा कॅमेरा

माझा प्रोजेक्ट काय आहे हे मला घरी कधीच नीट सांगता आलं नाही. इथे तरी प्रयत्न करते.

कॉम्प्युटरला एका खोलीची मापं द्यायची. भिंत इथे, खिडकी तिथे, दिवा वर. मग त्या खोलीचं चित्र त्याला काढायला लावायचं. त्यासाठी खोलीत एक कॅमेरा ठेवायचा, म्हणजे नुसता एक बिंदू. त्याच्यासमोर चौकोनांची एक जाळी आहे असं धरायचं. चित्रात जितके ठिपके, तितके जाळीत चौकोन. बिंदूपासून प्रत्येक चौकोनातून एक किरण सोडायचा आणि तो कशाला जाऊन लागतो ते बघायचं. माठाला लागला तर त्या ठिपक्याला माठाचा रंग. खरा उजेड वस्तूकडून डोळ्याकडे येतो, इथे उलटं, डोळ्याकडून वस्तूकडे जायचं. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आवडलं होतं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं होतं.

सांगायला एक मैत्रीण होती. प्रोजेक्ट आम्ही दोघींनी मिळून घेतला होता. पण दिवाळीनंतर ती वेबसाइट करणाऱ्या ग्रुपमध्ये गेली. भांडण वगैरे नाही. "यात मार्क्स मिळतील का तेच कळत नाही गं," एवढंच म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. सरांनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर एक धड चित्र दाखवायचं, नाहीतर प्रोजेक्ट सोडून मीही त्याच ग्रुपमध्ये जायचं. मला सोडायचा नव्हता. 

खोली म्हणून मी चामटोली गावातलं आमचंच घर घेतलं होतं. एकच खोली, त्यामुळे मापं घेणं सोपं. कॅमेरा ठेवला दाराजवळच्या कोपऱ्यात, मी अभ्यासाला बसते तिथे. तिथून सगळी खोली दिसावी म्हणून किरणांचा पसारा खूप रुंद केला, एकशे वीस अंश. चित्र आलं. मधली भांड्यांची मांडणी ठीक होती, पण कडेचा माठ लांबट झाला होता, कोणीतरी धरून ओढल्यासारखा.

कॉलेजच्या लॅबमध्ये मागच्या रांगेतला एक जण वाकून बघत म्हणाला, "ये क्या, अंडा बनाया?"

"माठ आहे."

"माठ? अरे इसका माठ देखो रे!" मग सगळे बघून गेले. मैत्रीणही आली. ती हसली नाही, बघून आपल्या जागेवर गेली.

मी गणित पुन्हा केलं. चौकोनाचा मध्य, रुंदीचं उंचीशी प्रमाण, कोनाच्या अर्ध्याचा टॅन्जन्ट, सगळं वहीवर सोडवून पाहिलं. कागदावर बरोबर येत होतं आणि पडद्यावर माठ लांबटच. घरी आईला मोबाईलवर चित्र दाखवलं. तिने फोन लांब धरला, जवळ धरला.

"काय गो, यो माठ हाय का दुधी?"

बाबा अंबरनाथच्या कंपनीतून नुकतेच आले होते, हातपाय धूत होते. त्यांनीही बघितलं. "आपलंच घर हाय ना? मग मोबाईलवर फोटू काढायचा. एवढा उपद्व्याप कशाला?" ते मला दुखवायला बोलले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी सांगायला लागले, "बाबा, यात खरा कॅमेरा नसतोच…" तेवढ्यात आईने ताट वाढलं.

गुरुवारी लॅबमध्ये सरांकडे गेले. वही पुढे केली. म्हटलं, "सर, किरण कुठे चुकतायत तेच सापडत नाही."

सरांनी वही चाळली. "किरण चुकलेलेच नाहीत. कोन किती घेतलायस बघ. एवढ्या रुंद कोनात कडेचा गोळा असाच ताणला जाणार. कोन कमी कर."

"कमी केला तर खोली मावत नाही, सर."

"मग कॅमेरा मागे घे."

"मागे भिंत आहे."

सर माझ्याकडे बघतच राहिले. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी खुसखुसलं. "दीवार है, बोलती है!"

"कोणाची भिंत?" सर म्हणाले. "तूच लिहिलीस ना? जा पलीकडे. किरणाला सांग, इतक्या अंतराच्या आत जे लागेल ते सोडून दे."

मला हसायला यायला हवं होतं. पण इतके दिवस मला हे सुचलंच नव्हतं. त्या कोपऱ्यात मी पाठ भिंतीला टेकून बसते. तिथून मागे सरायला जागा असू शकते, असं कधी मनातच आलं नाही.

कॅमेरा भिंतीच्या पलीकडे नेला. खरं तर तिथे काकांचा गोठा आहे, म्हणजे मी आमचं घर म्हशीच्या जागेवरून बघत होते. कोन अर्ध्याहून कमी केला. किरण भिंत सोडून आत गेले. माठ गोल आला. मांडणी, खिडकी, दिवा, सगळं आपापल्या जागी, सरळ. खोली नीटनेटकी आणि थोडी दूरची वाटत होती, मी पाहुणी म्हणून आल्यासारखी.

शुक्रवारी सरांनी चित्र बघितलं. "छान. ने पुढे. एकटीला जमेल ना?"

"हो, सर."

मैत्रिणीने ऐकलं होतं. तिच्या ग्रुपने तिच्या शेजारी एक खुर्ची मोकळी ठेवली होती. मी जाते की काय, म्हणून असावी. "मग तू नाही येत आमच्यात?"

"नाही. झालं माझं."

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्चीवर तिने तिची बॅग ठेवली. मग ते सगळे दाल पकवान खायला खाली गेले. तिने जाताना विचारलं, "चल ना?" मी म्हटलं, चित्र मोठं करायला लावलंय, थांबावं लागेल. थांबावं लागणार नव्हतं. ते आपोआप होतं.

लॅब रिकामी झाली. पडद्यावर वरून एकेक ओळ भरत येत होती, आधी छत, मग दिवा. प्रोजेक्ट माझा एकटीचा राहिला होता. मी खुर्ची पुढे ओढली आणि बघत बसले.